विमानातल्या क्रूची बॅग : चाकं उशिरा का आली, आणि टिकतं काय?



या ब्लॉगवर मी सहसा माझ्या पीएचडीच्या विषयाबद्दल लिहिते. प्लास्टिक आणि धातू "थकतात" म्हणजे नेमकं काय होतं, एकदा वाकवून न तुटलेली वस्तू लाख वेळा वाकवल्यावर का तुटते, वगैरे. मध्यंतरी एका वाचक काकूंनी एक साधा प्रश्न पाठवला. त्यांची भाची केबिन क्रू म्हणून नोकरीला लागली आहे. पहिल्या पगारातून चाकांची बॅग घ्यायची आहे. "एकदाच घेऊ, पण टिकाऊ घेऊ. कुठली घ्यावी ते तुम्ही सांगा, तुमचा तर हाच अभ्यास."

एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण टिकाऊ म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय ते नाव फुकट आहे. आणि ते ठरवायला या बॅगेचा इतिहास फार कामाला येतो. कारण आज आपण सगळे विमानतळावर जी उभी, दोन चाकांची, लांब दांड्याची बॅग ओढतो, ती मुळात प्रवाशांसाठी बनलीच नव्हती. ती एका वैमानिकाने क्रूसाठी बनवली. आपण ती त्यांच्या हातात बघितली आणि मग आपल्याला हवीशी झाली.

चंद्रावरचा माणूस आणि बॅगेची चाकं

व्हॉट्सॲपवर एक वाक्य नेहमी फिरत असतं : माणूस 1969 साली चंद्रावर गेला, पण सुटकेसला चाकं लावायचं त्याला 1970 साली सुचलं. ऐकायला मस्त आहे. पण "सुचलं" हा शब्द खरा नाही.

शिकागोच्या चित्रकार अनिता विलेट्स-बर्नहॅम यांनी 1928 च्या सुमारास, मुलाबाळांना घेऊन जगप्रवासाला निघताना, चाकं आणि लांब होणारा दांडा असलेली सुटकेस स्वतःच तयार करून घेतली होती. 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये सुटकेसला पट्ट्याने बांधायची चाकं विकत मिळत. म्हणजे कल्पना होती, चाक तर हजारो वर्षांपासून होतं. नव्हती ती गरज. किंवा नीट सांगायचं तर, ज्यांच्या हातात पैसा आणि निर्णय होता त्यांना गरज वाटत नव्हती, कारण ओझं दुसरंच कुणीतरी उचलत होतं.

अमेरिकेत रेल्वे स्टेशनांवर लाल टोपी घातलेले हमाल होते, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. आपल्याकडे लाल डगला आणि दंडाला पितळी बिल्ला. मुंबई सेंट्रल असो की भुसावळ, गाडी फलाटाला लागली की दोन सुटकेसी डोक्यावर, एक बॅग खांद्याला, ही व्यवस्था कित्येक पिढ्या चालली. ती जोवर स्वस्तात चालली, तोवर बॅगेला चाक लावणं म्हणजे उगाच खर्च. ज्याच्या मानेवर वजन पडत होतं, त्याला बॅगेच्या डिझाइनबद्दल कुणी विचारणार नव्हतं.

दुसरी अडचण होती पुरुषपणाची. स्वीडिश लेखिका काट्रिन मार्सल यांनी हा मुद्दा चांगला मांडला आहे : चाकाची बॅग म्हणजे बायकांची वस्तू, धडधाकट पुरुषाने बॅग उचलायची असते, आणि बाई एकटी प्रवास करत नाही, बरोबरचा पुरुष तिची बॅग उचलतो, अशी समजूत होती. या समजुतीत दोघंही अडकले. पुरुषाची कंबर मोडायची आणि बाईच्या सोयीची वस्तू बाजारात यायची नाही.

सॅडो यांचा पट्टा

बर्नार्ड सॅडो हे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका सामानाच्या कंपनीत अधिकारी होते. 1970 साली ते कुटुंबासोबत अरुबा बेटावरून सुट्टी संपवून परतत होते. दोन जड सुटकेसी हातात, कस्टमची रांग. तिथे त्यांनी एका कामगाराला चाकांच्या फळीवरून एक अवजड यंत्र आरामात ढकलत नेताना पाहिलं. घरी येऊन त्यांनी मोठ्या ट्रंकेला लावतात तसली छोटी चाकं सुटकेसच्या तळाला ठोकली, पुढे एक पट्टा बांधला आणि ओढून बघितली. चालली!

दुकानदारांनी मात्र एकामागून एक नाकारली. शेवटी मेसीज या मोठ्या दुकानाने ती विकायला ठेवली. 4 एप्रिल 1972 रोजी त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. त्या पेटंटच्या सुरुवातीलाच कारण दिलेलं आहे : पूर्वी हमाल सामान उचलायचे आणि गाडी रस्त्याजवळच्या सोयीच्या जागी लागायची, आताच्या प्रचंड विमानतळांवर मात्र सामान नेणं अवघड झालं आहे. म्हणजे शोध लावणाऱ्या माणसालाही माहीत होतं की प्रश्न चाकाचा नाही, हमाल गेल्याचा आहे.

पण सॅडो यांची बॅग गुणी नव्हती. आडवी सुटकेस, खाली चार बारकी चाकं, वर सैल पट्टा. वळणावर ती कुत्र्यासारखी मागे ओढ घ्यायची नाही तर सरळ आडवी पडायची. वर्षातून दोनदा सुट्टीला जाणाऱ्याला हे चालून जातं. रोज ओढणाऱ्याला नाही.

रोज ओढणारा माणूस

1978 साली अमेरिकेत विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण कायद्याने उठलं. तिकिटं स्वस्त झाली, प्रवासी वाढले, आणि कंपन्यांनी एका मोठ्या विमानतळावर सगळ्यांना गोळा करून तिथून दुसऱ्या विमानात बसवायची पद्धत पसरवली. याचा अर्थ लांबच लांब टर्मिनल आणि भरपूर चालणं.

रॉबर्ट प्लाथ हे नॉर्थवेस्ट एअरलाइन्समध्ये बोईंग 747 चे वैमानिक होते. 1987 च्या सुमारास त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये एक बॅग जुळवली. त्यांनी तीन बदल केले. बॅग आडवीची उभी केली. चार डुगडुगणाऱ्या चाकांऐवजी एका कडेला दोन घट्ट बसवलेली चाकं लावली. आणि सैल पट्ट्याऐवजी आत सरकणारा, ताठ दांडा बसवला.

शाळेतल्या तरफेच्या धड्यातून हे समजून घेता येईल. बॅग तिरकी केली की बहुतेक वजन चाकांवर जातं, कारण वजनाचा मध्य चाकांच्या जवळ असतो आणि आपला हात मात्र लांब, दांड्याच्या टोकाला. आकडे घालून बघितलं तर 10 किलोची बॅग 45 अंशांत धरली तर हातावर साधारण दीड-दोन किलोच येतात. आणि दांडा ताठ असल्यामुळे वळवायचं, थांबवायचं काम हातात राहतं. पट्ट्याने फक्त ओढता येतं.

प्लाथ यांनी या बॅगा आधी सहकाऱ्यांनाच विकल्या. मग विमानतळावर प्रवाशांना दिसू लागलं की गणवेशातली माणसं एका हाताने बॅग ओढत झपाझप पुढे निघून जातात, आणि आपण घामाघूम. लोक विचारायला लागले. प्लाथ यांनी ट्रॅव्हलप्रो ही कंपनी काढली आणि पुढे विमान चालवणं सोडून बॅगाच विकल्या. पुरुषपणाचा प्रश्नही आपोआप सुटला. चार पट्ट्यांचा कॅप्टन जी वस्तू ओढतो, ती "बायकी" कशी म्हणणार?

नोकरी लांबली, मग बॅग लांबली

इथे एक माझं मत मांडते. मत म्हणूनच घ्या. क्रूच्या टिकाऊ बॅगेचा संबंध क्रूच्या नोकरीच्या लांबीशी आहे, असं मला वाटतं.

1930 साली एलन चर्च ही परिचारिका अमेरिकेत पहिली हवाई सुंदरी झाली. अटी काय होत्या? अविवाहित हवी, परिचारिका हवी, वय 25 च्या आत, वजन 115 पौंडांच्या आत. कामांमध्ये प्रवाशांचं सामान चढवायला मदत करणंही होतं. म्हणजे बाईचं वजन काट्यावर, आणि ती उचलत असलेल्या बॅगेचं वजन कुणाच्या खिजगणतीत नाही. पुढे कित्येक वर्षं लग्न झालं की नोकरी संपली, असा नियम चालला. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर खटले लढून तो मोडावा लागला.

आपल्याकडे एअर इंडियाचा नियम असा होता : हवाई सुंदरीने 35 व्या वर्षी निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या 4 वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली तर, यातलं जे आधी घडेल तेव्हा. 1981 साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारं कलमही रद्द केलं. लग्नाची आणि 35 वर्षांची अट मात्र तेव्हा टिकली. वय वाढवून घ्यायला पुढे बरीच वर्षं लढावं लागलं.

चार-पाच वर्षांत घरी पाठवायच्या मुलीच्या खांद्याची, मणक्याची काळजी कंपनीला कशाला? नोकरी तीस वर्षांची झाली की मणका महत्त्वाचा होतो, आणि दर दोन वर्षांनी तुटणारी बॅग डोळ्यांत खुपायला लागते. प्लाथ यांची बॅग 1980 च्या दशकाच्या अखेरीस आली, तोवर अमेरिकेत ही नोकरी करिअर झालेली होती. निव्वळ योगायोग असेलही. मला तसं वाटत नाही.

वैमानिकांचं दुसरं ओझंही सांगायला हवं. नकाशे आणि माहितीपुस्तकांनी भरलेली चौकोनी चामडी बॅग. अमेरिकन एअरलाइन्सने 2013 साली आपल्या सगळ्या कॉकपिटमध्ये कागदांच्या जागी टॅबलेट आणले. एका वैमानिकाचं जवळपास 16 किलो ओझं गेलं. कंपनीने तेव्हा हिशोब मांडला तो इंधनाच्या बचतीचा. 

आता माझा विषय : थकवा

8 मे 1842 रोजी पॅरिसजवळ, व्हर्सायहून परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाची आस मोडली. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हाच्या अभियंत्यांना कोडं पडलं : आस भक्कम होती, वजनही नेहमीचंच होतं, मग मोडली कशी? जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने 1850 च्या दशकापासून पुढे वीसेक वर्षं आसांवर पुन्हा पुन्हा भार टाकून मोजमाप केलं. त्याचं उत्तर आजही आम्ही वापरतो. धातू एका मोठ्या धक्क्याने तुटतो तसाच तो लाखो लहान धक्क्यांनीही तुटतो. आत एक बारीक तडा जातो, दर फेरीला केसभर पुढे सरकतो, आणि एक दिवस उरलेला भाग भार पेलू शकत नाही. ताण थोडा कमी केला तर आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. विमानांच्या बाबतीत हा धडा 1954 साली कॉमेट विमानं हवेत फुटल्यावर पुन्हा एकदा शिकावा लागला.

आता बॅगेकडे या. एक ढोबळ हिशोब करू. समजा काकूंची भाची ड्युटीच्या दिवशी 2 किलोमीटर बॅग ओढते आणि वर्षाला असे 200 दिवस भरतात. म्हणजे वर्षाला 400 किलोमीटर. पाच वर्षांत 2000 किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई ते कोलकाता हे रेल्वेचं अंतर! चाकाचा व्यास 75 मिलिमीटर धरला तर वर्षाला जवळपास 17 लाख फेरे. फरशीचे सांधे दर 60 सेंटिमीटरवर धरले तर वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त धक्के. माझ्यासारखी बाई वर्षातून चारदा प्रवास करते, दर वेळी 2 किलोमीटर, म्हणजे 8 किलोमीटर. भाचीच्या बॅगेचं एक वर्ष म्हणजे माझ्या बॅगेची पन्नास वर्षं.

म्हणून दुकानात बॅगेवर उभा राहून "बघा ताई, काही होत नाही" म्हणणारा सेल्समन खोटं बोलत नसतो, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. त्याने दाखवली ती एका भाराची ताकद. भाचीला हवी आहे लाखो भारांची.

एकेक भाग बघू

*चाकं.* क्रूच्या बॅगांमध्ये रोलर स्केट्सच्या धर्तीची, आत बेअरिंग असलेली चाकं वापरली गेली, ती याच हिशोबामुळे. चाक मोठं असेल तर फेरे कमी आणि फरशीच्या खाचेत अडकणं कमी. चार गरगर फिरणाऱ्या चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर सुख देते, पण त्यात चार आस, चार फिरते सांधे, आणि सगळे बॅगेच्या बाहेर उघडे. टॅक्सी सोडते तिथून हॉटेलच्या दारापर्यंतच्या आपल्या रस्त्यांवर दोन घट्ट चाकं जास्त जगतात. चाक स्क्रूने बसवलंय की रिव्हेट ठोकलाय, हे उलटं करून बघा. स्क्रू असेल तर चाक पाच मिनिटांत बदलता येतं.

आपल्या हवेचाही एक मुद्दा आहे. मऊ, आवाज न करणारी चाकं पॉलियुरेथेनची असतात. यातल्या काही प्रकारांना दमट हवेतलं पाणी हळूहळू तोडतं. माळ्यावर तीन पावसाळे ठेवलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे एकदम भुगा होतात, तीच ही रासायनिक क्रिया. त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत "जुना पण न वापरलेला" माल स्वस्तात मिळाला तर चाकावर नख दाबून बघा. चिकट लागलं किंवा कपचा निघाला तर नको.

*दांडा.* बहुतेक दांडे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे असतात. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण ते जवळपास कायम सोसतं. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही, थोडा ताणही पुरेशा वेळा दिला की ते थकतं. म्हणून नळीची जाडी आणि ती बॅगेच्या सांगाड्याला कुठे, कशी जोडली आहे, हे महत्त्वाचं. थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, ती दोष नाही. पण पूर्ण बाहेर काढून हलवल्यावर खडखडाट झाला तर प्रत्येक पावलाला तिथे हातोडी बसणार, हे समजा.

*दुसरी बॅग अडकवायचा हूक.* क्रूच्या बॅगेवर समोरच्या बाजूला एक पट्टा किंवा आकडा असतो. शोभेचा वाटतो, पण तो तरफेचाच खेळ आहे. छोटी बॅग दांड्यावर वर ठेवली की वजनाचा मध्य हाताकडे सरकतो आणि हातावर भार वाढतो. तीच समोर लटकवली की ती चाकांच्या पलीकडे जाते आणि तोल धरते, हात हलका होतो.

*कापड की कवच?* बॅलिस्टिक नायलॉन हे कापड दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या संरक्षक जॅकेटसाठी तयार झालं. 1983 साली तुमी कंपनीने काळ्या बॅलिस्टिक नायलॉनच्या बॅगा आणल्या. "1050 डेनियर" म्हणजे त्या सुताचं 9000 मीटर लांबीचं वजन 1050 ग्रॅम. मोठा आकडा म्हणजे जाड सूत, इतकंच. विणकाम आणि शिवण तो आकडा सांगत नाही.

टणक बॅगांची परंपराही विमानाशीच जोडलेली आहे. जर्मनीच्या रिमोवा कंपनीची पन्हाळीदार ॲल्युमिनियमची बॅग 1950 साली आली, ती जुन्या युंकर्स विमानांच्या पत्र्यावरून सुचलेली. 2000 साली त्यांनीच पॉलिकार्बोनेटची बॅग आणली. आपल्या पिढीच्या आईवडिलांनी मात्र टणक बॅग ओळखली ती व्हीआयपीची, लग्नात मिळालेली. आजही नाशिक परिसरात सुटकेसचे मोठे कारखाने आहेत, सॅमसोनाइटचाही आहे.

आता विज्ञान. पॉलिकार्बोनेट थंडीतही चिवट राहतं, पण काही द्रव त्याला तडे पाडतात. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन सांडलं तर ते पृष्ठभाग खातं आणि तडा तिथून सुरू होतो. पॉलिप्रोपिलीनला ॲसिटोनने फारसं काही होत नाही, पण साधं पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. आणि दोन्हींची एक अडचण सारखीच : कवचाला तडा गेला की दुरुस्ती जवळपास नाही. कापड फाटलं तर टाका घालता येतो.

*चेन.* बॅग कापडाची असो की कवचाची, आधी दगा देते ती चेन. दातांची रुंदी आकड्यात सांगतात, 5, 8, 10, म्हणजे बंद केल्यावर ढोबळमानाने तितके मिलिमीटर. मुख्य कप्प्याला 8 किंवा 10 हवी. बऱ्याचदा दात शाबूत असतात आणि फक्त रनर झिजलेला असतो. तो बदलायला कुठल्याही शहरातला बॅग दुरुस्त करणारा कारागीर पुरेसा आहे.

*डोलणं.* घाईत दोन चाकांची बॅग डावी-उजवी डोलायला लागते आणि शेवटी उलटते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. पॅरिसच्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2017 साली यावर चक्क शोधनिबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की डोलायला लागली की थांबू नका. एकतर वेग वाढवा, नाहीतर दांडा खाली घेऊन बॅग जमिनीकडे आणखी झुकवा. भाचीला नक्की सांगा, फुकट सल्ला आहे.

तर मग काकूंना उत्तर काय?

पहिलं, कंपनीचा नियम वाचा. क्रूच्या बॅगेचं माप आणि रंग प्रत्येक विमान कंपनी वेगळा ठरवते. दुसरं, वॉरंटीची बारीक अक्षरं वाचा. "व्यावसायिक वापर" त्यातून वगळलेला असेल तर दहा वर्षांची वॉरंटी भाचीसाठी कोरा कागद आहे. तिसरं, दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : चाक, दांडा आणि रनर सुटे मिळतात का, आणि कुठे? उत्तर नीट आलं तर ती बॅग घ्या, थोडी जड असली आणि थोडी महाग असली तरी.

वजनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाजार उलट दिशेने चालला आहे. आपल्यासारख्या प्रवाशाला विमानात हाताशी ठेवायला बहुतेक वेळा 7 किलोच मिळतात. त्यामुळे कंपन्या बॅग हलकी, आणखी हलकी करत जातात. नळी पातळ, चाक बारीक, कवच कागदासारखं. वर्षाला 8 किलोमीटरसाठी ते ठीकच आहे. 400 किलोमीटरसाठी नाही. अमेरिकेत फक्त क्रूसाठी बॅगा बनवणाऱ्या छोट्या कंपन्या आजही धातूचा सांगाडा, जाड नायलॉन आणि बदलता येणारे भाग हेच धरून आहेत. दिसायला त्या जुनाट वाटतात, कारण त्या प्लाथ यांच्या पहिल्या विचारापासून फार लांब गेलेल्या नाहीत.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार असं आहे. हमालाच्या डोक्यावर ओझं होतं तोवर बॅग सुधारली नाही. रोज ओढणाऱ्या माणसाने ती बनवली तेव्हा सुधारली. मग ती सगळ्यांची झाली आणि पुन्हा कधीतरीच ओढणाऱ्यांसाठी बनायला लागली. हमालांचं काय झालं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. 2008 च्या रेल्वे अर्थसंकल्पात परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून घ्यायची घोषणा झाली. ज्यांना ते जमलं नाही किंवा मिळालं नाही, ते आजही फलाटावर उभे आहेत आणि चाकांच्या बॅगा त्यांच्यासमोरून खडखडत निघून जातात. सोय एकाची झाली की कुणाचा तरी रोजगार हलतो, हे बॅगेच्या इतिहासातून गाळता येत नाही.

भाचीसाठी हिशोब सरळ आहे. मणका बदलून मिळत नाही, चाक मिळतं. ज्या बॅगेचं चाक बदलता येतं, ती टिकाऊ.

पुढच्या लेखात पॉलियुरेथेनचा भुगा नेमका कसा होतो ते बघू. तोवर माळ्यावरचे बूट एकदा काढून बघा!